सात तोळे पिसं

मी पिंजाऱ्याची धनुकली बोलतेय. नगरच्या झेंडीगेटात, अल्लाबक्ष पिंजाऱ्याच्या घरात, उत्तरेच्या भिंतीला दोन खुंट्यांवर मी आडवी टांगलेली असते. मला सांगायचं आहे ते एका जाकिटाबद्दल. मी त्याचा फार द्वेष केला आहे, तेव्हा माझ्या बोलण्यातून त्याची स्तुती ऐकायला मिळेल अशी आशा धरू नका.

माझं लाकूड धामणीचं. अल्लाबक्षचे वडील खाजाभाई यांनी १९२९ साली राजूरच्या बाजारात ते पारखून घेतलं, तासलं, आणि दोन टोकांत बकऱ्याच्या आतड्याची तात ताणून मला उभी केली. माझी लांबी साडेतीन हात. खाजाभाईंच्या खांद्यावरून मी गल्लोगल्ली फिरले. ते चालता चालता तात छेडायचे आणि तिच्या टणत्काराने बायका दारात यायच्या. खाजाभाई गेल्यावर मी अल्लाबक्षच्या खांद्यावर आले.

माझं काम कुणालाही समजेल असं आहे. गादीतला कापूस वर्षभर माणसांच्या अंगाखाली दबून ढेकळासारखा होतो. माझी तात त्या कापसात धरायची आणि लाकडी मुठीने तिच्यावर ठोकायचं. तात थरथरते आणि कापसाचा धागा न् धागा सुटा होतो. पाच शेर कापूस पिंजल्यावरही पाच शेरच भरतो, पण ढीग चौपट दिसतो.

या ढिगापाशी माणसं कशी वागतात ते मी अठरा वर्षं पाहते आहे. ढीग दिसला की प्रत्येक जण त्यात हात खुपसतो. कडक इस्त्रीचे वकीलसाहेबही आजूबाजूला कुणी नाही असं पाहून खुपसतात. मग म्हणतात, "आता कसा हलका झाला." तो हलका झालेला नसतो. पण ते ऐकायला मला आवडायचं.

माझी तात मात्र नाजूक. कापसात सरकी राहिली, एखादी काडी आली, की ती तुटते. वर्षातून आठ-दहा वेळा तरी. अल्लाबक्ष जिभेने एक आवाज काढतो, नवी तात बांधतो आणि कामाला लागतो.

१९४४ च्या थंडीत अल्लाबक्षची बायको मुबारकबी न्यूमोनियाने आजारी पडली. त्यातून ती उठली, पण तेव्हापासून तिला छातीवर कसलंच वजन सोसेना. चार शेरांची दुलई अंगावर आली की तिचा श्वास अडे. अल्लाबक्षने तीन शेरांची केली, मग दोन शेरांची. दोन शेरांची तिला पेलली, पण तिच्यातून वारा जायचा आणि खोकला सुरू व्हायचा. शेवटी ती गुडघ्यांवर दुलई घेऊन भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपू लागली. शेजारचा चांदभाई एकदा म्हणालाच, की गल्लीला निजवणाऱ्याची बायको बसून निजते. अल्लाबक्ष हसला, पण त्या दिवशी त्याने मला जरुरीपेक्षा जोरात ठोकलं.

तिची दुलई मी सात वेळा पिंजली. तिच्यासाठी काहीतरी करणारी या घरात मीच होते, असं मी समजत होते.

१९४६ च्या नोव्हेंबरात रंगनाथ मास्तर आले. ते शाळेत रसायन शिकवत. सायकलवर एक गठ्ठा होता. युद्ध संपलं होतं, भिंगारला लष्करी मालाचा लिलाव झाला होता, आणि त्यात त्यांना दोन जाकिटं मिळाली होती. दोन्ही खाकी, एकाच मापाची, आत शिवलेली चिठ्ठीसुद्धा सारखी. पण अल्लाबक्षने कापसाच्या तराजूत घातली तेव्हा एक एकशे अठरा तोळे भरलं आणि दुसरं बासष्ट.

मास्तर खूश झाले. हे अगदी आयसोटोपसारखं झालं, म्हणाले. मुबारकबीला न कळलेलं तसंच सोडून द्यायची सवय नव्हती. दारात मेथी निवडता निवडता तिने विचारलं की ते काय असतं.

मास्तरांनी सांगितलं ते असं: एकाच मूलद्रव्याचे दोन अणू. नाव एक, वागणूक जवळजवळ एक, कोणतंही रसायन घातलं तरी दोघे सारखेच वागणार. फरक फक्त वजनात. हायड्रोजनचा असा एक जड भाऊ आहे, तो सहा-सात हजारांत एखादा सापडतो, आणि त्याच्यापासून जड पाणी होतं.

"मंग ते पानी पेलं तर पोट जड हुतं का?" मुबारकबीने विचारलं.

"आपल्याकडची डाळ त्याच पान्यात शिजती वाटतं," अल्लाबक्ष म्हणाला.

"मंग उद्यापास्नं तुमी शिजवा," ती म्हणाली आणि पुन्हा मास्तरांकडे वळली. "मास्तर, दोगं एकसारखे दिसत असतील तर वळखायचे कसे?"

वजनावरून, मास्तर म्हणाले. फार चिकाटीने, आणि त्यासाठी मोठाली यंत्रं लागतात. वर्तमानपत्रात ज्या युरेनियमबद्दल येतं त्यातही हलका अणूच निवडून काढावा लागतो. भिंतीवरून मला विचारावंसं वाटलं, की उरलेल्या जड भावाला हे कसं वाटतं. पण धनुकलीला कोण विचारतं?

दोन्हींतलं कोणतं जाकीट स्वतःला ठेवावं हे मास्तरांना ठरवायचं होतं. अल्लाबक्षने दोन्हींची बोटभर शिवण उसवली. जडात लोकरीचा भुगा निघाला. हलक्यात पिसं होती, बदकाच्या पोटाखालची, ज्यांना दांडी जवळजवळ नसतेच. मग त्याने आमच्या धंद्यातली परीक्षा केली. जिन्नस मुठीत दाबायचा, दहा मोजायचे आणि मूठ उघडायची. लोकरीचा भुगा दाबला तसाच राहिला. मी त्याच सकाळी पिंजलेला कापूस दोन बोटं वर आला. पिसं मात्र मूठ उघडल्याबरोबर फुलली आणि तळहातावरून बाहेर सांडली.

अल्लाबक्ष किती तरी वेळ स्वतःच्या हाताकडे पाहत राहिला. त्यानं माझ्या कापसाकडे असं कधीच पाहिलं नव्हतं.

मुबारकबीने ते जाकीट मांडीवर घेतलं, मग छातीशी धरलं, आणि एक लांब श्वास घेतला. मास्तरांनी ते पाहिलं. सायकलवर वारा लागतो, मला जडच बरं, असं म्हणून त्यांनी जड जाकीट उचललं. अल्लाबक्ष नको नको म्हणत राहिला. शेवटी मास्तरांच्या घरच्या गाद्या दरवर्षी आपणच फुकट पिंजणार एवढं कबूल करवून घेऊन गप्प झाला.

त्या हिवाळ्यात मुबारकबी आडवी होऊन झोपली. जाकीट उलटं करून छातीवर पसरायचं आणि बाह्या खांद्यांखाली खोचायच्या, ही युक्ती तिचीच. खोकला कमी झाला. फेब्रुवारीत ती स्वतः बाजारात जाऊन आली. घरात सगळे आनंदात होते. मी भिंतीवर होते. जे मला सात वेळा पिंजून जमलं नाही ते त्यानं नुसतं पडून राहून केलं होतं. त्याला पिंजावं लागत नव्हतं, ठोकावं लागत नव्हतं. मुबारकबी त्याला 'आमचं बदक' म्हणायची. मला कुणी कधी नाव ठेवलेलं नाही.

उन्हाळ्यात तिने ते रिठ्याच्या पाण्यात धुतलं, चांगलं पिळलं आणि ट्रंकेत ठेवलं. दिवाळीच्या आधी बाहेर काढलं तर पिसांच्या गोळ्या होऊन शिवणीच्या कोपऱ्यांत बसल्या होत्या. बाकी नुसतं कापड. मला जे वाटलं ते लपवत नाही. मला बरं वाटलं.

मुबारकबी म्हणाली की आधी मास्तरांना विचारून या.

अल्लाबक्ष म्हणाला, "अणूचं मास्तरला इचार. पिंजायचं मला इचार."

नोव्हेंबरची चार तारीख, मंगळवार, सकाळचे दहा. त्याने शिवण उसवली, सगळी पिसं काढून तोलली. चोवीस तोळे. मग चटईवर पसरून मला खाली घेतलं.

पहिल्या ठोक्यालाच मला कळलं. कापूस तातेला बिलगतो, मग सुटतो. इथं तातेला धरायला काहीच नव्हतं. गोळी फुटत होती आणि तिच्याबरोबर पीसही मोडत होतं. अशा वेळी तात तुटते. सरकीच्या एका दाण्याने तुटणारी माझी तात त्या दिवशी तुटली असती, तर नवी बांधेपर्यंत अल्लाबक्ष थांबला असता, आणि थांबला असता तर पिसं मोडताहेत हे त्यानं पाहिलं असतं. मी सगळा जीव ताणून धरला. चाळीस ठोके झाले. तात तुटली नाही.

पिसं वर गेली. आढ्याला, अल्लाबक्षच्या दाढीला, दारातून अंगणात, अंगणातून गल्लीत. कोंबड्या त्यांच्यामागे धावल्या. चांदभाईने ओरडून विचारलं की बदक सोलतोयस का. अल्लाबक्ष दोन्ही हातांनी हवेतली पिसं पकडू लागला, तशी ती त्याच्याच हाताच्या वाऱ्याने दूर जाऊ लागली.

मुबारकबी चुलीपाशी होती, ती बाहेर आली. तिने सगळं पाहिलं.

"दार लावा," ती म्हणाली. "वारं येतंय."

मग खाली बसून ओल्या हाताने चटईवरची पिसं टिपू लागली. अल्लाबक्ष तिच्यासमोर बसला. दोघांनी संध्याकाळपर्यंत टिपली. तराजूत सात तोळे भरली.

दुसऱ्या दिवशी अल्लाबक्ष स्वतःहून मास्तरांना बोलावून घेऊन आला आणि त्याने काही न लपवता सांगितलं. मास्तर रागावले नाहीत. म्हणाले, "कापसाला धागा असतो, तो धनुकली मोकळा करते. पिसाला धागाच नसतो, अल्लाबक्षभाई. ते उन्हात वाळवून हाताने चोळायचं, बस." तसं दुसरं जाकीट आता कुठं मिळणार, ते त्यांनाही माहीत नव्हतं. थंडी तोंडावर आली होती.

मुबारकबी रोज दुपारी उन्हात बसून एकेक गोळी दोन बोटांत चोळू लागली. मोडलेली दांडी बाजूला, मऊ पीस मडक्यात. अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी तिने मडकं नवऱ्यापुढे ठेवलं.

"येवढ्याचं काय हुनार?" तो म्हणाला.

तिने हात छातीवर ठेवला. "मला जड हुतं ते फकस्त हितं. बाकी अंगाला तुमचा कापूस चालतोय की."

अल्लाबक्षने उठून मला खुंटीवरून काढलं. त्या दुलईसाठी मी जे पिंजलं तसं आजवर कुणासाठी पिंजलं नव्हतं. दोन शेर कापूस तीन वेळा. पिसांना हरवायचं होतं मला. दुलईच्या मधोमध छातीच्या जागी त्याने जाकिटाच्याच कापडाचा एक चौकोन शिवला आणि त्यात ते सात तोळे भरले.

आज डिसेंबर १९४७ ची एकोणीस तारीख. नगरला चांगलीच थंडी पडली आहे. मुबारकबी आडवी होऊन झोपते. गेल्या वर्षाइतकी गाढ नाही, कधी कधी खोकला येतो, पण भिंतीला टेकून बसावं लागत नाही. खांदे, पोट, पाय, एवढं सगळं माझ्या कापसाखाली असतं.

तुमच्या घरात एखादी जुनी दुलई असेल तर माझी एक विनंती आहे. घडी घालताना तिच्या कडांवरूनही हात फिरवा. तोही कापूस कुणीतरी कुणासाठी पिंजलेला असतो. मुबारकबी रोज सकाळी दुलई उचलते आणि घडी घालण्याआधी तिच्यावर तळहात ठेवते, नेहमी त्या चौकोनावर. आज बत्तिसावा दिवस. मी मोजते आहे.