केळीच्या पानातली लेकरं

पोलोनियाने केळीच्या पानाची पुरचुंडी नातिविदादच्या देव्हाऱ्यापुढे ठेवली आणि हात चटकन शालीत ओढून घेतले.

"उघडून दाखव की," नातिविदाद म्हणाली. "साप आणलायस का काय?"

"तुमचं काम तुम्ही करा, मावशी. मी माझं केलंय. उजाडायच्या आत डोंगर चढून आले, या वयात."

"वयाचं मला सांगतेस?"

म्हातारीने पान उलगडलं. आत दवाने ओली, बारीक देठांची अळंबी होती. या डोंगरात त्यांना अळंबी म्हणायची कुणाची छाती नाही, लेकरं म्हणतात. रात्री अंधारात ती खायची, नातिविदादने गायचं, आणि माणसाच्या आत जे कुजत पडलेलं असतं ते त्याच्याच तोंडून बाहेर यायचं. खालच्या गावच्या डॉक्टरने डेल्फिनाला गोळ्या दिल्या होत्या. त्या गिळून ती नुसती झोपली होती.

डेल्फिना, पोलोनियाची सून, भिंतीला टेकून बसली होती. तिचा नवरा एलेउतेरियो सरहद्दीपलीकडे, उत्तरेला, कामाला गेला, मग त्याचे फोन थांबले, आणि पाठोपाठ हिचं बोलणंही थांबलं. मक्याची भाकरी तव्यावर कोळसा झाली तरी हिला पत्ता नसायचा. पोटची पोर रडली तर जणू शेजारची रडतेय.

"घरात सगळ्यांनी पथ्य पाळलंय ना?" नातिविदादने राळेचा धूर पानावर धरला. "नवरा-बायको वेगळे, भांडण नाही, शिवी नाही?"

"शिवीसुद्धा गिळली."

"तू? मग पोट दुखत असेल."

पोलोनिया हसली नाही. म्हातारी लेकरांच्या जोड्या लावू लागली. ती जोडीनेच खायची असतात. जोड्या लावताना ती दरवेळी विचारते तेच तिने विचारलं.

"तोडणाऱ्या हाताला मढं लागलेलं नाही ना?"

"नाही."

मेलेल्याला लागलेल्या हाताने तोडलेली लेकरं माणसाला आत नेतात, परत आणत नाहीत. तशी लेकरं खाल्लेला प्रुदेन्सियो अजून देवळाच्या भिंतीशी बसून माश्यांकडे बघत हसतो, ते सगळ्या गावाने पाहिलंय.

कॉफी विकायला म्हणून पोलोनिया खाली गेली होती, त्या दिवशी तिने कॉफी विकली नव्हती. उत्तरेतून आलेल्या शवपेटीचं झाकण उघडायला लावून तिने लेकाचा चेहरा याच हातांनी पुसला होता, आणि त्याला परक्या गावाच्या मातीत ठेवून ती घरी आली होती. सांगितलं असतं तर सून नातीला उचलून माहेरी गेली असती. एलेउतेरियोचं घरात दुसरं उरलं काय होतं? त्या पोरीच्या भुवया. आणि लेकरं तोडायला दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तर गावाने विचारलं असतं, तुझ्या हातांना काय झालं गं?

"ओंजळ धर, पोरी," नातिविदाद म्हणाली. "अंधार पडेपर्यंत तुझ्या उबेत राहू देत. मग खा."

डेल्फिनाने ओंजळ पुढे केली. तिची नजर मात्र लेकरांवर नव्हती. ती सासूच्या शालीकडे पाहत होती.

म्हातारीने जोडी उचलली. पोलोनियाने मध्येच तिचं मनगट धरलं, मग चटका बसावा तसं सोडलं.

"थांबा, मावशी. दुसऱ्या कुणाला तरी तोडायला पाठवा."

"का?"

पोलोनियाने दोन्ही हात शालीतून काढले आणि चटईवर उताणे ठेवले, दुसऱ्या कुणाची वस्तू परत करावी तसे.

नातिविदादने हातातली जोडी पानावर परत ठेवली. बाहेर नात कोंबडीला ओरडत होती. राळ विझत आली तरी कुणी ती फुंकली नाही.

"कुठं पुरलंत त्याला?"

आवाज इतका खरखरीत होता की म्हातारीने आधी दाराकडे पाहिलं. बोलली होती डेल्फिना.

पोलोनियाने गावाचं नाव सांगितलं. डेल्फिनाने मान हलवली, जणू तिला फक्त तेवढंच ठाऊक नव्हतं. मग तिने खांद्यावरचं लांब वस्त्र सोडलं, मूल पाठीशी बांधायला झटकून सरळ केलं.

"मुलीला आणता, आई?"

पोलोनिया उठली. अंगणात नात हात वर करून उभी राहिली. तिला उचलण्याआधी पोलोनियाने आपले हात शालीला पुसले, मग पुन्हा पुसले.