कॅरिअर नसलेली सायकल

सुमियोच्या सायकलच्या मागच्या चाकाच्या तारा महिन्यात दुसऱ्यांदा तुटल्या, तेव्हा दुकानदार शिमोदाने हात टेकले.

"वहिनी, कॅरिअरवरून तांदळाची पोती वाहता की काय?"

"पोती कसली! एखादा कोबी, थोडा टोफू," सुमियो म्हणाली, पण कॅरिअरकडे बघायचं तिने टाळलं.

आपण काय वाहतोय ते तिला पक्कं ठाऊक होतं.

ऑगस्टात ओबोनच्या सणाला पितर घरी येतात. चिकुमा नदीकाठच्या तिच्या गावात रीत अशी, की थडग्यापाशी जाऊन पाठ वाकवायची, हात मागे बांधायचे आणि गेलेल्या माणसाला पाठुंगळी घेऊन घरी यायचं. चौथ्या दिवशी तसंच परत पोचवायचं. तिचा नवरा कानेजी गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेला होता, म्हणजे त्याचं हे पहिलंच येणं. नणंद हात्सुए आपल्या आईवडिलांना पाठीवर घेऊन डुलत निघाली. सुमियोची कंबर धरली होती. ती सायकल घेऊन आली होती. तिने थडग्याच्या दगडाला सांगितलं, "अहो, कॅरिअरवर बसा."

"अगं, माझा भाऊ आहे की बटाट्याचं पोतं?" हात्सुए करवादली. "जन्मभर त्याने तुझं ओझं वाहिलं. तुला चार पावलं जड झाला?"

पण कानेजी बसला. सायकल मागून दबली, ती सुमियोला हँडलपर्यंत कळली. आनंदाने तिला रडूच फुटलं.

चौथ्या दिवशी ती त्याला पोचवायला गेलीच नाही. नणंदेला खुशाल थाप मारली, "पहाटेच सोडून आले, वन्सं." तेव्हापासून ती बाजाराला निघाली की सायकल मागून दबे, आणि घरात त्याची उशी दबलेली असे. त्याच्यासाठी ओतलेल्या चहाची वाफ बघता बघता विरून जाई. सुमियोला त्याची भीती नव्हती. तो जाईल, एवढीच एक भीती होती.

आता मात्र डॉक्टरांनी तिच्या साखरेवरून कान उपटले होते. रोज घाम येईपर्यंत सायकल चालवा म्हणाले. बाजारहाट तर सुटणार नव्हताच. दोन्हीला चालेल अशी नवी सायकल हवी होती.

शिमोदाने दोन बाहेर काढल्या. "ही करडी बाजाराची. दणकट आहे, मागे कॅरिअर आहे, पण चढावर तुमचा जीव काढेल. ही निळी हलकी आहे, गिअरची. पुढे टोपली बसवून देतो, म्हणजे भाजी होईल आणि व्यायामही. कॅरिअर तेवढं नाही."

"मग मागचा माणूस बसणार कुठे?" तिच्या तोंडून निसटलं.

"या वयात डबलसीट? पोलीस धरतील हो!" शिमोदा हसला. "जा, एक फेरी मारून या आधी."

सुमियो निळी घेऊन बांधावर चढली. पेडलवर पाय ठेवायचा अवकाश, सायकल सुटलीच. दोन्ही बाजूंच्या बागांत सफरचंदं लगडली होती. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मग मागून चपलांचा आवाज आला. कुणीतरी धावत होतं. त्यामागून श्वास ऐकू आला, शिट्टीसारखा, प्रत्येक वेळी अर्ध्यावर अडकणारा. गेला सबंध हिवाळा तिने तो श्वास उशाशी बसून ऐकला होता.

तिने ब्रेक दाबला. रस्ता रिकामा होता. श्वास मात्र तिच्या खांद्यापाशी येऊन धापा टाकत होता.

"धावू नका हो," ती कळवळून म्हणाली. "तुम्हाला सोसत नाही."

मेल्यावरही या माणसाला दम लागत होता, आणि तो दम लावणारी ती स्वतः होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला कॅरिअर हवं होतं असं ती महिनाभर धरून चालली होती. तो सायकलच्या मागे लागला नव्हता. पोचवणारं कुणी नाही म्हणून तो तिच्या मागे मागे फिरत होता.

तिने सायकल झाडाला टेकवली. मग कमरेची कळ सोसत पाठ वाकवली आणि हात मागे बांधले.

"या. बसा."

ओझं आलं, आणि ते पोरासारखं हलकं होतं. शेवटच्या दिवसांत तो तेवढाच राहिला होता. सुमियो वाकलेलीच थडग्यांकडच्या पायऱ्या चढली. बागेतल्या बाईने हाक मारली, "काय सुमियोबाई, ओबोन होऊन महिना झाला की!"

"उशीरच झाला मला," सुमियो म्हणाली, पण थांबली नाही.

दगडापाशी ती गुडघ्यांवर बसली. हात मात्र सुटेनात. तिनेच ते घट्ट गुंफून ठेवले होते. शेवटी ती एकेक बोट सोडवत गेली. पाठीवर गार वारा लागला.

दुकानात परतल्यावर शिमोदाने विचारलं, "मग कुठली? निळीच घेणार असाल तर कॅरिअर वेगळं लावून देता येईल."

"निळीच. कॅरिअर नको."

त्याने पुढे टोपली बसवून दिली. घराकडच्या चढावर ती या खेपेस उतरली नाही. अर्ध्या चढावर पुन्हा धापा ऐकू आल्या. तिने घाईने वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. श्वास तिचाच होता. तो ऐकत, रडत, ती पेडल मारत राहिली.