मिठाचा गोल

मूगवड्यांचं ताट घेऊन सुगनबाईंनी गच्चीचं दार ढकललं आणि ताटासकट जिन्यावरून धडधडत खाली आल्या. एकही वडी सांडली नाही. त्यांच्या घरात भूत निघालं असतं तरी मूग वाया गेला नसता.

"अजी, जल्दी वर या. कोणीतरी करणी केली आपल्यावर."

तीर्थपुरीच्या बाजारगल्लीत हुकमचंद शेठांचं किराणा दुकान खाली आणि घर वर. शेठ धोतर सावरत गच्चीवर गेले. मधोमध खड्या मिठाचा गोल, चार माणसं जेवायला बसतील एवढा. आत मेणबत्तीचं ओघळलेलं मेण, पाण्यानं भरलेली पितळी वाटी, उदबत्तीची राख. शेठांनी चिमूटभर मीठ उचलून डोळ्यांपाशी नेलं.

"मीठ आपल्याच पोत्यातलं आहे."

"ते तोंडात घालू नका म्हणजे झालं," सुगनबाई म्हणाल्या.

दोघांच्या मागे, दाराच्या आडोशाला, त्यांची मुलगी मंजू उभी होती आणि नखात अडकलेलं मेण पाठीमागे हात घेऊन कोरत होती.

मंजू सेलूच्या सासरहून परत आली त्याला बरीच वर्षं झाली होती. मूल होत नाही म्हणून पाठवली, आणि मग कोणी न्यायला आलंच नाही. लग्नात, मुंजीत तिला मागच्या रांगेत बसवायचे, ओटी भरायच्या वेळी तिला हमखास स्वयंपाकघरात काम निघायचं. गेल्या वर्षी ती जालन्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली. बी.ए.ला इंग्रजी होतं, ते शेवटी कामाला आलं. क्लासशेजारच्या सायबर कॅफेत तिला एक वेगळाच धर्म सापडला. विक्का म्हणे. देव बाईमाणूस, चंद्रासारखी घटणारी-वाढणारी. भटजी नको, नवरा नको, सवाष्ण असण्याची अट नाही. नवशिक्यानं पौर्णिमेला मिठाचा गोल आखायचा, चार दिशांना नमस्कार करायचा आणि आत उभं राहून मनातलं बोलायचं. नियम एकच: कुणाचं वाईट होऊ द्यायचं नाही.

मंजूला वाटलं, एवढं तर आपल्याला जमेल.

काल तिची तिसरी पौर्णिमा. दिवस मावळता मावळता चंद्र वर आला तेव्हा ती गोलात उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिला रडू न येता बोलता आलं. मग खालून आईनं जेवायला हाक मारली. पूजा संपली की गोल मोडून जागा साफ करायची असते, हे तिला ठाऊक होतं. पण दिवे लागले होते. दिवे लागल्यावर झाडू मारला की लक्ष्मी निघून जाते, हे तिला त्याच्याही आधीपासून ठाऊक होतं. नव्या देवीला पहाटे शंभरदा नमस्कार करील, पण जुन्या लक्ष्मीला दुखवायची हिंमत कुठून आणायची? तिनं झाडू कोपऱ्यात ठेवला. सकाळी कामवाली साळूबाई झाडेल.

आणि आज नेमकी साळूबाई आली नव्हती.

"गच्चीवर जातं कोण?" सुगनबाई बोटावर मोजायला लागल्या, आणि एकाच बोटावर थांबल्या. "तीच एक. आणि आजच बराबर गायब. नवऱ्याला खाल्लं, आता आमच्यावर टपली. चेटकीण."

चेटकीण. विक्कातल्या बायका स्वतःला अभिमानानं हेच म्हणवतात; सायबर कॅफेत हा शब्द इंग्रजीत वाचताना मंजूच्या अंगावर रोमांच आले होते. तिनं आरशात बघून तो स्वतःला म्हणूनही पाहिला होता. आईच्या तोंडून तो असा भिरकावलेला ऐकला आणि तिचे कान तापले. तेव्हाच बोलायला हवं होतं. ती खाली जाऊन भाजी चिरत बसली.

दुपारपर्यंत गल्लीतल्या बाकीच्या घरांनीही साळूबाईचं काम बंद केलं. संध्याकाळी मंजूनं विळी बाजूला सारली.

"मां, ते मीठ मी टाकलं. पूजा होती. साळूबाईचा काही संबंध नाही."

सुगनबाईंनी तिच्याकडे बघितलं. हात कपाळाला लावला. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या.

"बघितलं का हो? पोरीच्या तोंडून बोलून राह्यली ती."

मग मंजूला पाटावर बसवलं. मुठीत खडं मीठ, राई, लाल मिरच्या. आईनं मूठ तिच्या डोक्याभोवती गोल फिरवली आणि निखाऱ्यांवर टाकली. मीठ त्याच पोत्यातलं. मिरच्यांच्या ठसक्यानं शेठ दुकानापर्यंत खोकत गेले, आणि मंजू हसावं की मरावं ते न कळून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती साळूबाईच्या घरी गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. साळूबाई दारात ज्वारी निवडत होती.

"या ताई. नातीला ताप भरल्ता, म्हणून न्हाई आले काल."

"साळूबाई, ते मीठ माझं होतं."

"मला काय ठाव न्हाई व्हय? आधीच्या दोन पुनवंचं मीच झाडलं की. शेठाणी भाभी उठायच्या आत. म्हणलं, पोरगी काय तरी देवाचंच करून राह्यली, करू द्या."

मंजू उंबऱ्यापाशी खाली बसली.

"घरात सांगितलं, तर तुम्हीच माझ्या तोंडून बोलता म्हणाले. आता मी चौकात उभी राहून सांगते सगळ्यांना."

"नका सांगू. घरात सांगितलं तर मी तुमच्यावर करणी केली म्हणले. चौकात सांगितलं तर गावावर केली म्हणतील." साळूबाईनं एक खडा वेचून फेकला. "ते पुसून न्हाई टाकायचं असतं का, पूजा झाल्यावर?"

"असतं."

"मंग?"

"दिवे लागले होते," मंजू म्हणाली.

साळूबाई हसली. पोट धरून हसली, सूप हललं. "बरं केलं. शेठजीची लक्ष्मी गेली असती ना." मग पदरानं डोळे पुसले, ते जरा जास्तच वेळ पुसले. "मी चालले लेकीकडं जालन्याला. एमआयडीसीत बियाची कंपनी हाय, बी निवडायला बाया लागतात. तिथं गच्ची न्हाई कोणाची."

"परत याल?"

"घरी जा ताई. भाभी वाट बघत असतील. इथं आल्त्या म्हणून सांगू नका."

त्यानंतर गच्ची झाडायला कोणी तयार होईना. नवी बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच हात जोडायची. काम मंजूकडं आलं.

पुढच्या पौर्णिमेला मंजूनं मीठ नेलं नाही, मेणबत्तीही नाही. समोरच्या पत्र्यांवरून चंद्र वर आला. खाली दुकानात शेठांनी दिवा लावला, हात जोडले.

गच्चीवरून झाडूचा आवाज यायला लागला. संथ, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"मंजू," सुगनबाईंनी खालून हाक मारली, "दिवे लागले. झाडू ठेव."

आवाज थांबला नाही.