काळ्या पडद्यावरचा शेवटचा भाग

मित्रांनो, मी एक जुना टेक्स्ट एडिटर आहे, म्हणजे संगणकावर मजकूर लिहायचा प्रोग्राम. मला हात नाहीत, पाय नाहीत आणि रूपाचं तर विचारूच नका. काही हौशी माणसांनी नोकऱ्या सांभाळून मला घडवलं.

मला बोलावण्याच्या दोन तऱ्हा आहेत. नुसतं नाव टाइप केलं, की मी पांढरीशुभ्र खिडकी घेऊन थाटात येतो. नावापुढे एक आडवी रेघ आणि दोन अक्षरं जोडली, तर मात्र टर्मिनलच्या, म्हणजे संगणकाला टाइप करून हुकूम देतात त्या खिडकीच्या, काळ्या पडद्यातच गुपचूप उघडतो.

माझे मालक टेलिफोन खात्यात होते. तीस वर्षं त्यांनी काळ्या पडद्यावर, दोन बोटांनी, बटणं बघत बघत बिघाडांचे अहवाल लिहिले. मी कधी दगा दिला नाही असं ते चारचौघांत सांगत, तेव्हा अंग नसूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

निवृत्तीनंतर ते थोरल्या भावाची हकीकत लिहू लागले. या भावाने शाळा सोडून, छापखान्यात राबून त्यांना शिकवलं होतं. पुढे एका शब्दावरून दोघांचं बोलणं तुटलं, आणि भाऊ आजारी पडला तेव्हा हे भेटायलाही गेले नाहीत. तेवढाच भाग लिहायचा राहिला होता. डोळे तर अधू होत चालले होते. कागदावरचं केव्हाच दिसेनासं झालं होतं. काळ्यावरची मोठी पांढरी अक्षरं तेवढी दिसत.

अशात जुना संगणक बंद पडला आणि मुलीने नवा आणला. जुन्यावर ती दोन अक्षरं आपोआप जोडली जायची, तशी सोय करून ठेवलेली होती. नव्यावर मी पांढरी खिडकी घेऊनच हजर झालो. त्या लख्ख उजेडाने मालकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलीने शोधाशोध केली आणि सेटिंगच्या फाइलमध्ये हवी ती ओळ लिहिली, अगदी बिनचूक. पण टर्मिनल ती फाइल फक्त स्वतः सुरू होताना वाचतं. तिने ते बंद न करता तिथेच माझं नाव टाइप केलं, आणि मी पुन्हा पांढराच आलो. आपलंच चुकलं असं समजून तिने ती ओळ पुसून टाकली.

"रविवारी निवांत बघते, बाबा," ती म्हणाली.

बरेच रविवार गेले. मी तिला दोष देत नाही, घर आणि नोकरी यांत ती पिळून निघत होती. वडील भिडस्त, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चार महिन्यांनी तिने तीच ओळ परत लिहिली. नेमकी वीज गेली. संगणक नव्याने सुरू केला, तर मी काळ्या पडद्यात उघडलो.

तिने वडिलांना आणून बसवलं. ते नाक टेकेपर्यंत पडद्याजवळ गेले.

"उघडलाय का?" त्यांनी विचारलं.

तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "तुम्ही सांगा, मी टाइप करते."

"ते तोंडाने सांगता आलं असतं, तर दादा होता तेव्हाच सांगितलं असतं," ते म्हणाले आणि भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेले.

ती हकीकत अजून माझ्यापाशी आहे. शेवटच्या भागावर भावाचं नाव आहे, त्याखाली काही नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी एखादी लहानशी दुरुस्ती एकदाच मागून गप्प बसलं असेल. आज त्यांच्या शेजारी बसा आणि ती होईपर्यंत उठू नका.