सोमवारी बाहेर येणारा मासा

मामाच्या सलूनच्या खिडकीत त्या दिवशी एवढं होतं: काचेची टाकी एक, तीस सेंटीमीटर लांब, एका कोपऱ्यात ओरखडा. हवेचा पंप एक. स्पंजचा फिल्टर एक. हीटर एक; नवी घेतलेली वस्तू ही एवढीच. टेबललॅम्प एक, मान मोडलेला, चिकटपट्टीने सरळ केलेला. पोवळ्याची जाड वाळू दोन किलो. दगड तीन. समुद्राचं पाणी बावीस लिटर. मासे शून्य.

माझ्याकडे चार हजार येन होते आणि त्यातले अडीच हजार एकट्या हीटरने खाल्ले. टाकी मच्छीमार संघाच्या कचऱ्यातून आणली. पाणी मात्र फुकट. भरती पूर्ण चढली की लाटा अडवणाऱ्या बांधाच्या टोकाला जायचं, दोरीला बादली बांधून सोडायची. पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस थांबायचं, नाहीतर नदीचं गोडं पाणी मिसळलेलं असतं.

"तोकुजी, तुझी भाची समुद्र घरी न्यायला निघालीय बघ," इसोबे आजोबा खुर्चीत बसल्याबसल्या म्हणाले. त्यांच्या डोक्यावर केस उरलेत ते कानांच्या वर, पण ते दर आठवड्याला येतात.

"नेऊ दे की. शिकून आलीय, काहीतरी करणारच," मामा म्हणाला. "वर, घरात ठेवू म्हणाली होती. मी तिला म्हटलं, तातामीच्या चटयांवर पाणी सांडलं की तुझी मामी आधी मला घराबाहेर काढेल. म्हणून इथे."

टाकी मला कशासाठी हवी होती ते बंदरावरच्या कुणालाही सांगावं लागलं नाही. दर उन्हाळ्यात कुरोशिओ प्रवाह दक्षिणेकडून नखाएवढे रंगीत मासे आमच्या किनाऱ्याला आणून सोडतो. ते धक्क्याच्या सावलीत मोठे होतात, आणि हिवाळ्यात पाणी पंधरा अंशांखाली गेलं की एकूण एक मरतात. परत जायला त्यांना वाट नसते. मला त्यातला एक, फक्त एक, वसंतापर्यंत न्यायचा होता.

"नेशील तर शेवटपर्यंत तुझा," इसोबे आजोबांनी बजावलं. "कंटाळा आला म्हणून परत बंदरात ओतायचा नाही. टाकीतले रोग समुद्राला द्यायचे नाहीत."

"माहीत आहे, आजोबा."

"माहीत सगळ्यांना असतं गं."

मासा लगेच सोडता येत नाही. त्याच्या घाणीतून पाण्यात विष तयार होतं, आणि ते खाणारे जिवाणू वाळूत आधी वाढावे लागतात. त्यांना सुरुवातीचं खाद्य म्हणून मी एक कोळंबी टाकीत कुजत ठेवली. चौथ्या दिवशी एका गिऱ्हाईकाने नाक वर करून मामाला विचारलं, "आफ्टरशेव्ह बदललंत वाटतं?" मामाने माझ्याकडे असं पाहिलं की मी वस्तऱ्यापासून दोन पावलं लांब झाले. पण कोळंबी काढ म्हणाला नाही.

नोव्हेंबरच्या मध्याला चाचणीची पट्टी पांढरी राहिली. विष संपलं होतं. बंदरातलं पाणी तोवर सतरावर आलं होतं. दोन जाळ्या घेऊन, एकीने हाकत दुसरीत ढकलत, मी एक फुलपाखरू मासा धरला. पिवळा, डोळ्यावरून काळी पट्टी, शेपटीपर्यंत साडेतीन सेंटीमीटर.

टाकीत सोडल्याबरोबर तो मधल्या दगडामागे गेला आणि तिथेच राहिला.

दाणे दिले, खाल्ले नाहीत. गोठवलेली कोळंबीची पिल्लं दिली, ती त्याच्या तोंडावरून वाहत गेली. शेवटी ज्या मत्स्यबीज केंद्रात मी काम करते तिथला खात्रीचा उपाय केला: बाजारातल्या तिसऱ्या आणल्या, एक उघडून अर्धी शिंपली मांसासकट दगडापाशी ठेवली. हट्टी मासेसुद्धा तिला टोचतात. हा टोचेना. आठवडा होत आला आणि त्याचं पोट आत गेलेलं मला काचेतून दिसत होतं. एवढ्याशा माशाकडे साठा तो किती असणार! पाण्याची घनता बरोबर, तापमान पंचवीस, विष शून्य. सगळे आकडे चांगले होते आणि मासा मरत होता.

"उपाशी आहे का मौनव्रत?" मामा विचारायचा. पण दुकान बंद करताना तोही टाकीपाशी वाकून बघायचा, हे मला दिसत होतं.

सोमवार आला. सोमवारी आमच्याकडची सगळी सलूनं बंद. मामा उशिरापर्यंत झोपलेला, म्हणून टाकीवरचा दिवा मीच दुसऱ्या प्लगला जोडून लावला आणि चहाचा कप घेऊन समोर बसले. कप अर्धा व्हायच्या आत मासा दगडाबाहेर आला. एक फेरी मारली, दुसरी मारली. कालच्या शिंपलीजवळ थांबून त्याने तिरकं होऊन पाहिलं आणि एकदा टोचलं.

मी मामाला हाका मारत वर धावले.

"मेला?" तो पांघरुणातून म्हणाला.

"खातोय!"

"मग मला कशाला उठवतेस? मी काय वाढायला येऊ?" तरी आला, पायजम्यावरच.

"मामा, आज काय वेगळं आहे?"

"मी झोपलेलो होतो."

"ते सोड. गिऱ्हाईकं नाहीत, ड्रायर नाही, रेडिओ नाही..." एवढं म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं. काचेला लागून उभा असलेला, सलूनची खूण म्हणून दिवसभर फिरणारा पट्ट्यांचा खांब आज थांबलेला होता. रोज मामा एकाच कळीने दिवा आणि खांब सुरू करतो. म्हणजे उजेड झाला की वीतभर अंतरावर लाल, पांढरे, निळे पट्टे वर सरकू लागणार, संध्याकाळपर्यंत. साडेतीन सेंटीमीटरच्या जिवाला ते काय वाटत असेल?

"खांब बंद ठेवायचा म्हणतेस?" मामा म्हणाला. "खांब फिरला नाही तर लोकांना वाटेल मी खपलो. इसोबेकाका फुलं घेऊन येतील."

"आणि ती फुलं तूच विकशील." मी टाकीच्या आणि खिडकीच्या मधली जागा बोटांनी मापत होते. "पण खांबच आहे हे अजून ठरलेलं नाही. ड्रायरही असू शकतो. उद्या सगळं नेहमीसारखं चालू दे. फक्त एक गोष्ट बदलू."

मामाने खुंटीवरचं गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचं काळं कापड काढलं, झटकलं, आणि टाकीच्या खिडकीकडच्या काचेला मागून नीट गुंडाळलं. वरच्या कडेला दोन चिमटे लावले. सवयीने त्याने विचारलं, "गळ्याला घट्ट होत नाही ना?"

मंगळवारी सकाळी मी दोन अर्ध्या शिंपल्या टिपून कोरड्या केल्या आणि केसांचा रंग मोजायच्या काट्यावर ठेवल्या. एक दगडाशेजारी. दुसरी माशाचं तोंड शिरणार नाही अशा जाळीच्या डबीत, कारण मांस नुसतं पाण्यातही थोडं झिजतं. खांब फिरत होता, ड्रायर घोंघावत होता, इसोबे आजोबा मामाला टोमणे मारत होते. दुकान बंद झाल्यावर मी दोन्ही बाहेर काढल्या, पुन्हा टिपल्या.

डबीतली: सकाळी ६.२ ग्रॅम, संध्याकाळी ६.१.

दगडाशेजारची: सकाळी ६.४ ग्रॅम, संध्याकाळी ५.९.