मास्तरांच्या उशाचा पंप

मी एक जुना हवेचा पंप आहे, मित्रांनो. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढा माझा आकार. पोटात एक पंखा, बाजूला पाण्याचं छोटं भांडं, पुढे माणसाच्या उंचीएवढी नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. दवाखान्यात मला सीपॅप मशीन म्हणतात. ते नाव घरात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. मास्तरांनी पहिल्याच दिवशी मला ‘पंप’ म्हटलं आणि तेच नाव मला चिकटलं.

काही माणसांच्या घशातली वाट झोपेत मिटते. श्वास अडतो, जीव घाबरा होतो, माणूस अर्धवट जागा होतो आणि पुन्हा झोपतो. असं रात्रभर चालतं. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही, फक्त आठ तास झोपूनही अंग मोडून आल्यासारखं वाटतं. या आजाराला स्लीप अॅप्निया म्हणतात. मी हलक्या दाबाने हवा सोडतो आणि ती वाट उघडी ठेवतो. काम एवढंच, पण ते मी फार अभिमानाने करतो, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या कारखान्यात झाला. केसांवर टोप्या घातलेल्या बायकांनी मला जोडलं. मग परीक्षा म्हणून मला एका रबरी डोक्याला लावलं आणि एक पूर्ण दिवस हवा फुंकायला लावली. ते डोकं शहाण्यासारखं पडून राहिलं. त्याला मास्क टोचला नाही, त्याचं नाक खाजलं नाही, त्याने कूससुद्धा बदलली नाही. सगळी डोकी अशीच असतात, असं मी समजून चाललो. पुढे मास्तरांनी माझा हा गैरसमज चांगलाच दूर केला.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. शहरातल्या एका मोठ्या शिलाईच्या दुकानात ते तीस वर्षं कोट कापायचे. फक्त कापायचे. शिवणारे दुसरे होते, काजं-बटणं करणारे तिसरे. कापडावर खडूची रेघ मारून त्यांनी कात्री चालवली की दुकानात कुणी मोठ्याने बोलत नसे. पण गेली काही वर्षं त्यांना दिवसा झोप आवरत नव्हती. आणि एका दुपारी, एका शिक्षिकाबाईंचा कोट कापताना, मास्तरांना उभ्या उभ्या डुलकी लागली. कात्री रेघ सोडून कोटाच्या समोरच्या कापडात घुसली, थेट छातीपर्यंत.

दुकानाच्या मालकीणबाईंनी तसंच दुसरं कापड शोधून आणलं आणि वेळ निभावून नेली. मग त्यांनी मास्तरांची कात्री आपल्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं.

“मास्तर, एक महिना देते,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरला दाखवा, औषध करा, काय ते करा. दिवसभर जागे राहून दाखवलंत तर कात्री तुमची. नाहीतर मला दुसरा कटर बघावा लागेल. तोवर तुम्ही काजं करा.”

तीस वर्षं कोट कापणाऱ्या हाताला काजं. मास्तर घरी आले ते जेवलेच नाहीत. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, त्यांना दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. काकू सहा वर्षं बाहेरच्या खोलीत झोपत होत्या. त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, “घोरणं परवडलं हो. ते मधेच थांबतं ना, तेव्हा माझाच जीव जातो.”

तपासणी झाली, आजार कळला आणि दवाखान्यातल्या फळीवरून मला खाली काढलं. मास्क निवडायची वेळ आली. तिथे मास्क बसवून देणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी मास्तरांचं नाक मापलं आणि मधल्या मापाचा, फक्त नाकावर बसणारा मास्क पुढे केला. मास्तरांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

“मोठा द्या, ताई. नाकतोंड दोन्ही झाकणारा.”

“काका, तुमचं माप मधलं आहे.”

“अहो, मोठं असलं की आत घेता येतं. लहान पडलं तर वाढवायला कापड कुठून आणायचं? तीस वर्षं हेच करतोय मी.”

बाहेर बाकावर माणसं ताटकळली होती. ताईंनी दोनदा सांगून पाहिलं, शेवटी मास्तरांचा हट्ट जिंकला. आणि मित्रांनो, तिथेच आमचं घोडं पेंड खायला बसलं.

पहिल्या रात्री मास्तर कपाटाच्या आरशासमोर ताठ उभे राहिले. ग्राहकाला कॉलर बसवावी तसा त्यांनी स्वतःला मास्क बसवला, पट्टे ओढले, मान डावी-उजवी वळवून खात्री केली. मग आडवे झाले. आडवं झालं की गाल मागे जातात, चेहऱ्याची घडीच बदलते. मास्क एका बाजूने उचलला गेला आणि माझी सगळी हवा फुर्र करत त्यांच्या डोळ्यात गेली. मास्तर उठले, आरशासमोर गेले, पट्टे आणखी आवळले आणि पुन्हा झोपले. पुन्हा फुर्र.

“अहो, तुमच्यापेक्षा हाच जास्त घोरतोय,” काकू दारातून म्हणाल्या.

सकाळी मास्तरांच्या नाकावर लाल वळ होता. आवळून भागत नाही म्हटल्यावर त्यांनी पट्टे शिलाई मशीनखाली घातले आणि दोन्ही बाजूंना टीप मारून ते कायमचे आखूड करून टाकले. कामात सफाई होती, नाही म्हणत नाही, पण परिणाम उलटा झाला. मास्कच्या कडेला एक मऊ गादी असते. ती हवेने फुगते आणि चेहऱ्याला अलगद चिकटून बसते. पट्टा करकचून आवळला की ती बिचारी चेपते आणि हवा वाट मिळेल तिथून पळते. मला हे ठाऊक होतं, पण मला हवा सोडता येते, तोंड कुठे उघडता येतं?

पाचव्या दिवशी मास्तरांनी मास्क ओरबाडून काढला आणि मला पलंगाखाली सारलं. तिथे मी नऊ दिवस होतो. एका बाजूला हरवलेली चप्पल, दुसऱ्या बाजूला शेवया वळाव्यात तशी धूळ. वरून घोरणं ऐकू यायचं, मग ते थांबायचं, आणि मी मनातल्या मनात अंक मोजायचो. वीस, तीस, कधी चाळीस. मग एक मोठा आचका आणि पुन्हा घोरणं. ज्या कामासाठी मला घडवलं ते हाताच्या अंतरावर अडून पडलं होतं आणि मी धूळ खात होतो. मला त्या दिवसांत फार वाईट वाटलं.

तिकडे दुकानात मास्तर काज करता करता पेंगले आणि सुई बोटात गेली. मालकीणबाईंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी एक तरणा कटर दुकान बघून गेला. मास्तरांच्या टेबलाला हात लावून त्याने उंची ठीक आहे का, ते पाहिलं. हे मास्तरांनी घरी येऊन काकूंना सांगितलं.

“परत देऊन टाकतो तो पंप,” ते म्हणाले. “आपल्या नशिबात काजंच आहेत.”

त्यांनी दवाखान्यात फोन केला. मास्कवाल्या ताई म्हणाल्या, “काका, मी तुमच्या दुकानावरूनच घरी जाते. तिथेच घेऊन या, मी नेते.” अशी एका पिशवीतून माझी वरात दुकानात निघाली.

ताई संध्याकाळी पाचला आल्या. त्यांनी मास्क हातात घेतला, टीप मारलेले पट्टे पाहिले आणि त्यांना हसू आवरेना.

“हे कुणी केलं?”

“मीच.”

“बरं, परत द्या, पण एकदा कसं लावता ते दाखवा.”

मास्तर गिऱ्हाइकांच्या आरशासमोर ताठ उभे राहिले आणि पट्टे ओढू लागले.

“काका, तुम्ही उभे राहून झोपता का?” ताईंनी विचारलं.

“माप उभ्यानेच घेतात,” मास्तर जरा घुश्शातच म्हणाले.

“सगळ्यांचं?”

मास्तरांनी ओढलेले पट्टे सोडले. दुकानात टॅक्सीवाले, बसवाले यायचे. त्यांच्या पँटचं माप मास्तर नेहमी स्टुलावर बसवून घ्यायचे. दिवसभर बसणाऱ्या माणसाला उभ्याच्या मापाची पँट काचते, हे त्यांनीच सगळ्या कारागिरांना शिकवलं होतं.

“ड्रायव्हरचं बसवून घेतो,” ते हळूच म्हणाले.

“मग हे झोपून घ्या.”

मास्तरांनी मास्क काढून ठेवला. मग त्यांनी कटिंगच्या टेबलावरचं कापड स्वतः बाजूला केलं, खडू आणि टेप उचलून ठेवली आणि त्या टेबलावर उताणे झोपले. तीस वर्षं ज्यावर दुसऱ्यांची मापं कापली, त्यावर आज त्यांचं माप निघत होतं. शिवणारे कारागीर मशीनवरचे पाय थांबवून बघत राहिले.

ताईंनी पिशवीतून मधल्या मापाचा नाकावरचा मास्क काढला. “नाक मोकळं आहे ना? तोंड मिटून श्वास घ्या.” आधी त्यांनी मला सुरू केलं. मी हवा सोडली, मऊ गादी फुगली, आणि मग त्यांनी पट्टे सैल ठेवून फक्त टेकवले. “दोन बोटं आत गेली पाहिजेत. कूस बदला. आता दुसरीकडे.” एका बाजूने हवा सुटली, त्यांनी पट्टा आवळायच्या ऐवजी थोडा सोडला. हवा बंद.

“सोडल्यावर कसं बसलं?” मास्तर मास्कमधून पुटपुटले.

“विचार करा आणि पाच मिनिटं पडून राहा.”

मास्तर विचार करायला लागले आणि तिसऱ्या मिनिटाला झोपी गेले. मित्रांनो, तो क्षण मी कधी विसरणार नाही. श्वास आत, श्वास बाहेर. कुठे अडथळा नाही, घोरणं नाही. रबरी डोक्यानंतर मला पहिल्यांदा जिवंत माणूस लाभला होता. मालकीणबाई आतून आल्या आणि टेबलावर झोपलेले मास्तर पाहून त्यांच्या कपाळावर आठी चढली. ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. मालकीणबाई वाकून बघत राहिल्या.

“हे घोरत कसे नाहीत?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

पाऊण तासाने मास्तर उठले. दुकानभर नजर फिरवत म्हणाले, “दिवे वाढवलेत का?” दिवे तेच होते.

म्हणून पुढे सगळं लोण्यासारखं झालं असं समजू नका. कधी नाक कोरडं पडायचं, मग पाण्याचं भांडं भरून माझी ऊब वाढवावी लागायची. नळी थंड पडून आत थेंब जमायचे. मास्तरांनी उरलेल्या फ्लॅनेलच्या मऊ कापडाची तिला बाही शिवली. पट्टा गालाला लागायचा, त्यालाही फ्लॅनेलचं अस्तर मिळालं. आधी दोन तास, मग चार, मग सहा, असं करत आठवड्याभरात ते पहाटेपर्यंत मास्क ठेवू लागले. काकू रोज सकाळी माझ्या पडद्यावरचे तास वाचायच्या. आकडा सातावर गेला त्या दिवशी त्यांनी आपली गादी-उशी उचलली आणि आतल्या खोलीत आणून ठेवली.

महिना पुरा झाला. मालकीणबाई रोज दुपारी चारला काही ना काही निमित्ताने मास्तरांच्या बाजूने जायच्या. शेवटच्या दिवशीही आल्या. मास्तरांच्या पुढ्यात चाळीस काजं रांगेने झाली होती आणि मास्तर, एरवीच्या पेंगायच्या वेळेला, शेजारच्या कारागिराची बाही उलटी लागलीय, हे त्याला दाखवून देत होते.

मालकीणबाईंनी खण उघडला. कात्री टेबलावर ठेवली आणि शेजारी एक राखाडी लोकरी कापड ठेवलं.

“कुणाचा कोट?” मास्तरांनी विचारलं.

“माझा. कापड एवढंच आहे, जपून.”

मास्तरांनी माप घेतलं, रेघा मारल्या. पहिला घाव घालण्याआधी त्यांनी रेघ दोनदा टेप लावून तपासली, हे त्यांनी काकूंना मास्क धुता धुता सांगितलं आणि मी ऐकलं. मग कात्री चालली ती थेट शेवटापर्यंत. आठ दिवसांनी ट्रायल झाली. मालकीणबाईंनी कोट घातला, हात वर केले, खाली केले, आरशात पाठ पाहिली. दुरुस्ती काढायला त्या मुद्दाम शोधत होत्या, मास्तरांना कळत होतं.

“काही सोडायचं नाही, काही आत घ्यायचं नाही,” त्या म्हणाल्या. “त्या कटर पोराला मी नाही म्हणून कळवते.”

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. माझा पंखा म्हातारा झालाय, सुरू होताना जरा खाकरतो. मास्तरांना मात्र नवाच नाद लागला आहे. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की जाड मानेच्या माणसांत हा आजार जास्त दिसतो. गळ्याची मापं तर मास्तरांच्या हातातूनच जातात. कॉलरची टेप मोठा आकडा दाखवू लागली की ते सहज विचारतात, “साहेब, घरचे म्हणतात का, तुम्ही घोरता म्हणून? दुपारी डोळे मिटतात का?” काही जण रागावतात. पण आजवर अकरा जण तपासून आले आणि त्यांतल्या आठ जणांच्या उशाशी आज माझे भाऊबंद बसले आहेत. त्यांतला एक बस चालवतो. त्याच्या मागे रोज किती माणसं बसतात, याचा विचार केला की माझा पंखा अभिमानाने जोरात फिरायला बघतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी घोरत असेल, घोरता घोरता थांबत असेल, तर हसून सोडून देऊ नका. त्याला सकाळी सांगा, डॉक्टरकडे न्या. त्याला माझ्यासारखा सोबती मिळाला आणि मास्क टोचला, तर चार दिवसांत हार मानू नका. दुसरा मास्क मागा, आडवं होऊन बसवून घ्या, पट्टे सैल सोडा. आणि आमची निगा राखा. मास्क रोज कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, भांड्यात रोज ताजं, शुद्ध पाणी घाला, फिल्टरवर धूळ साचू देऊ नका. आमची मागणी एवढीच असते.

काकूंनी आत्ताच माझी नळी धुऊन खिडकीत वाळत टाकली आहे. दुपारचे चार वाजलेत. मास्तर दुकानात आहेत, कात्री त्यांच्या हातात आहे आणि ते टक्क जागे आहेत.