भाऊजींची हरकत

वॉरंटची बातमी लिफ्ट-मेकॅनिकला लिफ्टच्या खड्ड्यात मिळाली. एका ऑफिसच्या इमारतीच्या तळाशी तो हातभर ग्रीस माखून काम करत होता, तेव्हा मॅनेजर वरून डोकावून म्हणाला, "अरे, हॉस्पिटलच्या लिफ्टच्या कामासाठीचा तुझा पास नामंजूर झालाय. पोलीस पडताळणीत तुझ्या नावाचं वॉरंट निघालंय. तू आधी राहायचास ना, त्या राज्यातलं. काय भानगड आहे?"

"काहीतरी चूक असेल," तो म्हणाला.

चूक नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

प्रकरण घरचंच होतं. वडिलांना विस्मरणाचा आजार होता आणि ते ताईकडे राहत होते. एका संध्याकाळी तो त्यांना भेटायला गेला, तर पलंग रिकामा. भाऊजी शांतपणे म्हणाले, "सकाळी त्यांना वृद्धाश्रमात ठेवून आलो."

"मला न विचारता?"

"विचारायला तू फोन उचलतोस कुठे?"

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने भाऊजींना ढकललं. मागे जिना होता. भाऊजी गिलावा करणारे, शहरातल्या अर्ध्या भिंती त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांचं उजवं मनगट मोडलं ते मोडलंच. नंतर जुळलं, पण पुरतं वळेना, आणि थापी धरायची म्हणजे मनगट वळायलाच हवं. ते रंगाच्या दुकानात कामाला लागले.

पोलिसांना शेजाऱ्यांनी बोलावलं होतं. भाऊजींनी तक्रार दिली नाही, तरी खटला सरकारने चालवला. तुरुंग टळला. दोन वर्षं देखरेख, दर महिन्याला देखरेख अधिकाऱ्यापुढे हजेरी आणि राग आवरायला शिकवणारा वर्ग, एवढ्यावर भागलं. त्याने निम्मी मुदत नेमाने भरली. मग वडील गेले, आणि त्याच सुमारास दुसऱ्या राज्यातल्या कंपनीने बोलावलं. कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय राज्य सोडायचं नव्हतं. सांगू, सांगू म्हणता राहून गेलं. नवीन गावात कोणी काही विचारलं नाही, तेव्हा प्रकरण आपोआप थंडावलं असं तो धरून चालला. ताईचा फोन आला की तो कामात असे.

त्या रात्री त्याची बायको म्हणाली, "ते सगळं मिटलंय म्हणून सांगितलं होतंस मला."

"मिटल्यासारखंच होतं."

"मिटल्यासारखं!" ती म्हणाली, आणि जेवण होईपर्यंत पुन्हा बोलली नाही. जेवण झाल्यावर तिनेच वकिलाचा नंबर शोधून दिला.

वकीलबाई तिकडच्या, त्याच कोर्टात काम करणाऱ्या. कागद पाहून त्यांनी उलट फोन केला आणि आढेवेढे घेतले नाहीत. "तुम्ही आपल्या पायांनी आलात तर न्यायाधीश ऐकून घेतील. पोलिसांनी आणलं तर मी काय बोलणार? या. आधी वॉरंट रद्द करून घेऊ. मग उरलेली देखरेख तुमच्या नव्या राज्यात वर्ग करा, असा अर्ज देऊ. असे अर्ज बहुतेक मंजूर होतात. मात्र ज्यांना लागलं होतं, त्यांनाही कोर्ट विचारेल."

"ते काय म्हणतील?"

"मी त्यांना फोन केला होता. 'येतो' एवढंच म्हणाले."

तो लॉजवर उतरणार होता. पण वकीलबाईंकडून कळल्यामुळे ताई बस स्टँडवर येऊन उभी होती. "बारक्या, मुकाट्याने घरी चल," ती म्हणाली. तो तिच्यापेक्षा हातभर उंच आणि दाराएवढा रुंद, पण तिच्या लेखी अजून बारक्याच होता.

दार भाऊजींनी उघडलं. "ये," म्हणाले. जेवताना वाटी त्याच्याकडे सरकवायला त्यांनी डावा हात वापरला. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे तिघे जेवले. वडिलांच्या खोलीत आता शिवणयंत्र होतं. त्याच्याशेजारी गादी घालून तो झोपला.

कोर्टात त्यांची पाळी यायला दुपार झाली. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "न सांगता का गेलात?"

वकीलबाईंनी उत्तर पढवून ठेवलं होतं, पण त्याच्या तोंडून भलतंच निघालं. "इथे राहवत नव्हतं."

"राहवत नाही म्हणून कोर्ट सुटत नाही," बाई म्हणाल्या. तरी स्वतःहून आलात हे लक्षात घेते, असं म्हणून त्यांनी वॉरंट रद्द केलं. वकीलबाईंनी देखरेख वर्ग करण्याचा अर्ज पुढे केला. सरकारी वकिलाने मान हलवली. त्याची काही हरकत नव्हती.

"आणि तुमची?" बाईंनी भाऊजींना विचारलं.

भाऊजी उठले. "माझी हरकत आहे."

वकीलबाईंचा हात कागदांवर थबकला. ताईने नवऱ्याची बाही ओढली. ती त्यांनी सोडवून घेतली.

"गुन्हा इथे झाला, शिक्षा इथे झाली. ती यानं इथेच येऊन पुरी करावी. आणखी काही म्हणणं नाही."

न्यायाधीशबाईंनी थोडा विचार केला. एकदा पळालेल्या माणसाबद्दल ही मागणी त्यांना गैरवाजवी वाटली नाही. नोकरी राहावी म्हणून राग आवरायचा वर्ग त्याने राहत्या गावी पुरा करावा. हजेरी मात्र दर महिन्याला इथे, याच कोर्टाच्या अधिकाऱ्यापुढे. एक हजेरी चुकली तरी तुरुंग.

बाहेरच्या व्हरांड्यात त्याच्या कानशिलाच्या शिरा ताठ झाल्या होत्या. वर्गात शिकवल्याप्रमाणे तो आधी नळाशी गेला, तोंडावर पाणी मारलं, भिंतीकडे बघत थांबला. मग परत आला.

"सूड उगवलात ना, भाऊजी?"

"तुझा अर्ज मंजूर झाला असता," भाऊजी म्हणाले, "असं समज तू. मग तू पुन्हा इकडे कधी आला असतास?"

त्याने तोंडावरचं पाणी बाहीने पुसलं.

"ताई फोन करते, तू कामात. वडिलांनंतर तिचं माहेर म्हणजे तू एकटा. आता महिन्यातून एकदा यावंच लागेल. कोर्टात ये, नाहीतर आत जा."

"ताईला विचारून केलंत हे?"

"छे. तिला विचारलं असतं तर नको म्हणाली असती. तिला तुझी दया येते. मला येत नाही."

ताईला नवऱ्याचा इतका संताप आला की घरी पोचेपर्यंत ती बसमध्ये दुसऱ्या बाकावर बसली.

हॉस्पिटलचं काम हातचं गेलं. मॅनेजरने त्याला जुन्या इमारतींवरच ठेवलं. दर महिन्याला तो रात्रभर बसने येई, अधिकाऱ्याला तोंड दाखवी, ताईकडे जेवून परत निघे. सुरुवातीला घास गिळून उठायचा. पुढे परतीची बस उशिराची घेऊ लागला, कारण इतक्या लवकर निघून स्टँडवर करायचं तरी काय? अशाच एका दुपारी ताईने त्याला वडिलांच्या या घरातल्या शेवटच्या महिन्यांबद्दल सांगितलं. वडील गॅस उघडा टाकायचे. एकदा भर रहदारीत अनवाणी सापडले. एकदा त्यांनी तिलाच चोर समजून कोंडून ठेवलं. "तुला सांगायला फोन करायचे रे मी," ती म्हणाली.

रात्री जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "भाऊजी, माझं चुकलं."

"हो," भाऊजी म्हणाले, आणि जेवत राहिले.

ताईने भात वाढला.

मुदत संपली तेव्हा अधिकाऱ्याने त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, "आता यायची गरज नाही." वकीलबाईंनी फोनवर अभिनंदन केलं. ताईने प्रवासाला डबा बांधून दिला.

पुढच्या महिन्यात तो गेला नाही. कामाचा रेटा होता, आणि खरं तर बसच्या प्रवासाचा त्याला वीट आला होता. त्याच्या पुढच्या महिन्यात बायकोला घेऊन गेला. बायकोने ताईला पहिल्यांदाच पाहिलं; लग्न त्याने नव्या गावीच उरकलं होतं. दोघी स्वयंपाकघरात जाऊन बोलू लागल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. तो आणि भाऊजी बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसून राहिले. मग भाऊजी उठले आणि त्यांनी त्याच्या डोक्यावरचा पंखा लावला.